डावा क्रँक

आमच्या सायकलवाल्यांच्या ग्रुपवर दिवस उजाडतो तो एकाच प्रश्नाने. बसेल का? सात गिअरच्या सायकलीला आठ गिअरची चेन बसेल का. जाड टायर असताना मडगार्ड बसेल का. सव्वीसच्या रिमला सव्वीसचा टायर बसेल का. ह्या शेवटच्या प्रश्नाला नवीन माणूस हसतो. मीही हसले होते. मग मी बाजारातून सव्वीसचा टायर आणला, घरी पडवीत सव्वीसच्या रिमवर चढवायला बसले, आणि तो सैल गजऱ्यासारखा रिमभोवती लोंबत राहिला. दोघांवरही सव्वीसच लिहिलेलं होतं. ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा डॉक्टरांचं उत्तर आलं, "सव्वीस हे माप नाही, आडनाव आहे. कोणाचे कोण ते पुढच्या आकड्यावरून कळतं."

डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. रत्नागिरीत त्यांचा दवाखाना आहे आणि ग्रुपवर त्यांचा शब्द शेवटचा असतो. कोणी काहीही विचारलं की ते आधी "नाही बसणार" असं लिहितात आणि मग कारण देतात. त्यांच्या नेमके उलट आमचे बाजारपेठेतले सायकल दुरुस्तीवाले. त्यांना काहीही दाखवा, ते म्हणतात, "बसेल की. बसवू." आणि हातोडी शोधायला लागतात. दोघंही निम्म्या वेळा बरोबर असतात. कुठल्या निम्म्या वेळा, ते आधी समजत नाही.

मी हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. साखर वाढली म्हणून चाळिशी उलटल्यावर सायकल घेतली आणि ग्रुपवर गेले. आमच्याच शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई आहेत. आम्ही दोघी एकाच वर्षी नोकरीला लागलो, स्टाफरूममध्ये शेजारी बसतो आणि एकमेकींना आजही "बाई" आणि "तुम्ही" असंच म्हणतो. त्या मूळच्या केळशीच्या. लहानपणी ताप आला, त्यात त्यांचा डावा पाय गेला. गेला म्हणजे आहे, पण उजव्यापेक्षा दोन-अडीच इंच आखूड, बारीक, आणि गुडघा एका मर्यादेपलीकडे वाकत नाही. डाव्या पायात जाड तळव्याचा बूट घालतात, तो मिरजेहून करून आणतात. जिने चढतात, सहलीला येतात, मुलांना डोंगरावर नेऊन पठार म्हणजे काय ते दाखवतात. पायाबद्दल त्या बोलत नाहीत आणि कोणी बोललं तर नकाशा गुंडाळायला घेतात.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी डबा उघडता उघडता विचारलं, "बाई, तुमच्या त्या ग्रुपवर एक विचाराल?"

"काय?"

"माझा पाय बसेल का म्हणून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "तुम्हाला सायकल येते?"

"नाही. पाय बसला तर शिकेन. न बसणारी गोष्ट शिकून काय करू?"

त्यांनी भाजी माझ्या डब्यात घातली आणि विषय संपल्यासारख्या जेवायला लागल्या. इतक्या वर्षांनी एकदम सायकल का, असं मी विचारलं नाही. त्यांनीच घास गिळून सांगितलं, "तुम्ही रोज येता नि सांगता, आज भाट्याला गेले, आज पावसला गेले. ऐकून ऐकून कंटाळा आला."

संध्याकाळी मी ग्रुपवर लिहिलं. नाव न लिहिता, एका शिक्षिकेचा डावा पाय असा असा आहे, तर साधी लेडीज सायकल चालवता येईल का. पहिल्यांदा चार-पाच जणांनी हात जोडलेली चित्रं टाकली. एकाने लिहिलं की इच्छाशक्ती असेल तर काहीही शक्य आहे. दुसऱ्याने बॅटरीच्या सायकलीची जाहिरात पाठवली. मग डॉक्टरांचं उत्तर आलं.

"आहे त्या क्रँकवर नाही बसणार. पायडल ज्या दांड्याला असतं तो दांडा डाव्या बाजूला आखूड हवा. म्हणजे डावा पाय लहान गोल फिरेल, उजवा मोठा. किती आखूड ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. रविवारी दवाखान्यात घेऊन या. सायकलही आणा."

बाईंना मी हे वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "दातांच्या डॉक्टरांकडे?"

"हो."

"बरं. नाहीतरी दाढ दुखतेच आहे."

सायकल माझीच होती, आधीची, जिच्यावर तो टायर लोंबला होता ती. साधी काळी लेडीज सायकल, मागे जड लोखंडी स्टँड. रविवारी आम्ही ती दवाखान्याच्या मागच्या खोलीत नेली. डॉक्टरांकडे घरात व्यायाम करायचं एक यंत्र होतं, ज्यात मागचं चाक अडकवलं की सायकल जागच्या जागी चालवता येते. त्यांच्या परदेशी सायकलीसाठी ते आणलेलं. ते त्यांनी मोठ्या उत्साहाने मांडलं, माझी सायकल त्यात घातली आणि वाकून बघितलं. माझ्या सायकलीचे मागचे नट त्या यंत्राच्या तोंडापेक्षा जाड होते.

"नाही बसणार," डॉक्टर म्हणाले. स्वतःच्या वस्तूबद्दल तसं म्हणताना त्यांना जड गेलं असावं.

बाईंनी विचारलं, "स्टँडवर लावली तर?"

स्टँडवर लावली तर मागचं चाक जमिनीपासून वर राहतं आणि पायडल फिरतात. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं, फक्त यंत्र समोर असताना आठवलं नव्हतं. सायकल स्टँडवर लावली. मी हँडल धरलं, बाई साडी खोचून सीटवर बसल्या आणि भिंतीचा आधार घेऊन पायडल मारायला लागल्या. पाव फेरा झाला आणि डावा गुडघा थांबला. वर जाताना गुडघा जेवढा वाकायला हवा तेवढा वाकेना, म्हणून त्यांची सगळी कंबरच वर उचलली जायला लागली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तिथेच थांबला.

"दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं. ते त्यांनी दवाखान्यातल्याच आवाजात विचारलं, त्यामुळे बाईंनी तोंड उघडलं आणि लगेच मिटलं.

"दुखत नाही. पुढे जात नाही."

डॉक्टर जमिनीवर बसले. दातांत फिरवायचा दोरा त्यांनी डबीतून ओढून काढला, एक टोक क्रँकच्या मधल्या आसाशी धरलं आणि दुसरं बाईंच्या बुटाशी. "आता पाय आरामात जेवढा वर येतो तेवढाच आणा. आता खाली. आता परत वर." बाहेर एक आजोबा गालाला रुमाल लावून बसले होते. रविवार असूनही दुखणं थांबेना म्हणून त्यांना बोलावलेलं. त्यांनी मागच्या खोलीच्या दारातून बघितलं की डॉक्टर दोऱ्याने एका बाईचा पाय मोजतायत आणि सायकलीची चेन कुरकुरतेय. ते परत जाऊन बसले. त्यांनी गालावरचा रुमाल काढून त्याची घडी केली आणि तो पुन्हा लावला.

दोऱ्यावर गाठ पडली. डाव्या बाजूला क्रँक अडीच इंच आखूड हवा. बाईंची दाढही डॉक्टरांनी बघितली. तिला काही झालं नव्हतं, शेवग्याच्या शेंगेचा धागा अडकला होता.

आता अडीच इंच आखूड डावा क्रँक शोधायचा होता. मी दुरुस्तीवाल्यांकडे गेले आणि सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "त्यात काय. लहान मुलांच्या सायकलीचा बसवू. बसेल की."

वरच्या माळ्यावरून त्यांनी एका लहान सायकलीचा क्रँक काढून आणला. तो अखंड निघाला. डावा, उजवा आणि मधला आस, सगळं एकाच वाकवलेल्या सळीचं. त्यातला डावा वेगळा काढायचा म्हणजे सळी तोडायची, आणि तोडल्यावर तो आसाला धरणार कशाने? दुरुस्तीवाल्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि परत माळ्यावर टाकला.

पुढच्या आठवड्यात त्यांनी दुसरा आणला. हा सुटा होता, लांबी दोऱ्याच्या गाठीशी जवळजवळ जुळत होती. माझ्या सायकलीला क्रँक आसावर कॉटरने पक्का होतो. कॉटर म्हणजे एका बाजूने तासलेली लोखंडी खिळी. हाही कॉटरचाच होता. त्यांनी तो बसवला, दोन ठोके मारले, आणि माझ्याकडे बघितलं. खरोखरच बसला होता. मग त्यांनी पायडल लावायला घेतलं आणि ते आत जाईना. डावीकडच्या पायडलचे आटे उलटे असतात, चालवताना सैल होऊ नये म्हणून. आणलेला क्रँक उजवा होता.

"उजवा डावीकडे बसतो," ते म्हणाले, "पायडल बसत नाही."

त्याच सायकलीचा डावा मिळेल का, असं मी विचारलं. तो वाकलेला होता म्हणूनच ती सायकल भंगारात आली होती.

मग ग्रुपवर शोध सुरू झाला. एकाने सांगितलं की ऑनलाइन मिळतो. मिळालाही. पार्सल आलं, सुंदर चकचकीत काळा आखूड डावा क्रँक, डावा म्हणजे डावाच. त्याचं मधलं भोक चौकोनी होतं आणि माझ्या सायकलीचा आस गोल. मी डॉक्टरांना फोटो पाठवला. ते लिहीत असल्याचं बराच वेळ दिसत होतं. शेवटी आलं, "नाही बसणार." मग पाठोपाठ, "सॉरी."

आस बदलून चौकोनी टोकाचा घातला तर? मीच विचारलं. डॉक्टर म्हणाले, घालता येईल, पण मग उजवा क्रँकही चौकोनीच लागेल, उजव्याबरोबर पुढचं दातेरी चक्र येतं, ते आलं की चेनची रेषा बदलते, आणि ह्या लहान मुलांच्या क्रँकचं पायडलचं भोक अर्ध्या इंचाचं असतं, मोठ्यांचं नऊ सोळांश. म्हणजे पायडलही बदला. मी फोन ठेवला. एका पायासाठी सगळी सायकल बदलायची वेळ आली होती.

दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूममध्ये हे सगळं बाईंना सांगितलं. त्या उत्तरपत्रिका तपासत होत्या. हातातली तपासून संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग म्हणाल्या, "सायकलीला मूळचा जो आहे तो डावा, तो बसतो ना?"

"तो बसतो. तो लांब आहे एवढंच."

"मग त्यालाच आखूड करा."

मी खुर्ची त्यांच्याकडे ओढली.

"मी सलवार घेते तेव्हा डावा पाय आखूड असलेली सलवार शोधत फिरते का? आहे ती घेते नि एका पायाला दुमड घालते. दांड्यातला मधला तुकडा कापायचा आणि दोन टोकं जोडायची. वरचं टोक बसतंच आहे, खालच्या टोकाला पायडलही बसतं आहे. मधला भाग नुसता लांबीपुरता." त्यांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "तुमचे डॉक्टर शिवत नाहीत वाटतं काही."

डॉक्टरांना मी हे फोनवर सांगितलं तेव्हा ते "नाही" असं म्हणाले. त्यांना त्यापुढचं कारण सापडत नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाले, "वेल्डिंग नीट झालं पाहिजे. पायाखाली तुटलं तर पडतील." मग म्हणाले, "मी येतो."

मिरकरवाड्याच्या बाजूला बोटींच्या इंजिनाची कामं करणारं एक वर्कशॉप आहे. तिथे आम्ही तिघं क्रँक घेऊन गेलो. वेल्डिंगवाल्यांनी क्रँक हातात घेतला, दोऱ्याची गाठ बघितली, आणि हे कशासाठी असं विचारलं. बाईंनी साडीचा काठ जरा वर करून बूट दाखवला. त्यांनी मान हलवली आणि चष्मा लावला. पहिल्यांदा जोडलं तेव्हा खालचं टोक किंचित आत वळलं होतं, पायडल लावल्यावर बूट फ्रेमला घासत होता. परत कापून परत जोडलं. दुसऱ्या वेळी सरळ आलं. थंड झाल्यावर डॉक्टरांनी खिशातून तो लांब दांडीचा छोटा गोल आरसा काढला, ज्याने ते दाढा बघतात, आणि क्रँकच्या मागच्या बाजूचं वेल्डिंग तपासलं. पुढून तपासलं. कडेने तपासलं.

"कीड नाही ना?" वेल्डिंगवाल्यांनी विचारलं.

"नाही," डॉक्टर म्हणाले. "चांगलं आहे."

दुरुस्तीवाल्यांनी तो क्रँक बसवला, नवीन कॉटर ठोकला, आणि बूट घसरू नये म्हणून जुन्या ट्यूबची पट्टी पायडलला अशी बांधली की पाय आत सरकेल पण ओढला तर सुटेल. सायकल स्टँडवर लावली. दुकानासमोर, भर बाजारात, बाई सीटवर बसल्या आणि पायडल मारलं. डावा पाय वर गेला, पलीकडे उतरला, परत वर आला. उजवा मोठ्या गोलात, डावा लहान गोलात. मागचं चाक हवेत गरगरायला लागलं. आजूबाजूला चार माणसं उभी राहिली. बाई थांबेनात. त्यांचं तोंड नेहमीसारखंच होतं, वर्गात हजेरी घेताना असतं तसं, पण त्या थांबेनात. शेवटी दुरुस्तीवाले म्हणाले, "बाई, चेनला तेल घालायचं आहे." तेव्हा थांबल्या.

त्यानंतर शिकणं. ते भाट्याला, ओहोटीच्या वेळी. पाणी मागे गेलं की तिथली ओली वाळू घट्ट बसते आणि पडलं तरी लागत नाही. शाळा सुटल्यावर ओहोटी असेल तेव्हा आम्ही जायचो. मी सीट धरून मागून पळायचे. माझी साखर ह्या काळात जेवढी उतरली तेवढी स्वतः सायकल चालवून कधी उतरली नव्हती.

बाई पडायच्या. पहिल्यांदा पडल्या तेव्हा मी ओरडले आणि धावले. त्या वाळूत बसूनच म्हणाल्या, "पडणं मला नवीन नाही. तुम्ही ओरडता त्याने मात्र दचकायला होतं."

"हात द्या."

"नको. सायकल उचला. मी माझी उठते."

त्यांची उठायची एक पद्धत होती, उजवा हात टेकून, उजवा पाय खाली घेऊन, मग एका झटक्यात. मी ती इतकी वर्षं शेजारी बसून कधी बघितली नव्हती, कारण त्या माझ्यासमोर कधी पडल्या नव्हत्या. सायकलीवरून पडल्यावरही त्या तशाच उठल्या, अंगावरची वाळू झटकली आणि परत बसल्या.

त्यांचा तोल एका ठरावीक प्रकारे जायचा. उजवा पाय जोरात रेटायचा, डावा नुसता बरोबर जायचा, त्यामुळे सायकल दर फेऱ्याला डावीकडे झुकायची. मी आपलं शास्त्र सांगितलं, की शरीराचा भार जरा उजवीकडे ठेवा. त्या म्हणाल्या, "बाई, मी चालतानाही तेच करते. तेवढं मला येतं. तुम्ही फक्त सीट धरा आणि बोलू नका." मी सीट धरली आणि बोलले नाही. काही दिवसांनी एका संध्याकाळी सीटही सोडली, पण ते त्यांना सांगितलं नाही. पळत राहिले. मग पळणंही थांबवलं.

त्या एकट्याच पुढे जात होत्या, सुरूच्या बनाला समांतर, सायकल दर फेऱ्याला थोडी डावीकडे झुकत आणि सरळ होत. मी उभी राहून बघत होते. मग त्यांनी मान वळवून काहीतरी विचारलं, आणि शेजारी कोणी नाही हे त्यांना दिसलं. माणूस अशा वेळी ब्रेक लावतो. त्यांनी लावला नाही. हँडल वळलं आणि त्या सरळ पाण्यात गेल्या. गुडघाभर पाण्यात सायकल थांबली आणि आडवी झाली.

मी पोचले तेव्हा त्या लाटेत बसल्या होत्या. भिजलेली साडी, भिजलेला बूट. हँडल हातातच होतं.

"सोडलंत कधी?" त्यांनी विचारलं.

"मघाशी."

"म्हणजे कुठे?"

मी मागे हात दाखवला. वाळूत चाकांची रेघ दिसत होती, जराशी नागमोडी, आणि तिच्या बाजूने माझ्या पावलांचे ठसे एका जागी संपले होते. बाईंनी ती रेघ तिथपासून पाण्यापर्यंत डोळ्यांनी मोजली. लाट येऊन शेवटचा तुकडा पुसून गेली. मग त्या रडल्या. फार नाही. खारं पाणी डोळ्यांत गेलं म्हणाल्या, आणि ते गेलंही असेल.

समुद्राचं पाणी सायकलीला फार वाईट. दुरुस्तीवाल्यांनी दुसऱ्या दिवशी सायकल बघितली आणि पहिल्यांदाच आम्हाला बोलले. "शिकायला एवढा किनारा आहे, पाण्यात कशाला जायचं?" त्यांनी सगळं खोलून धुतलं. बाई समोर स्टुलावर बसून प्रत्येक भागाचं नाव विचारत होत्या. हे काय, बेअरिंग. हे काय, फ्रीव्हील. ते सांगत गेले. भूगोलाच्या तासाला ज्या गंभीरपणे त्या मुलांना मान्सूनच्या शाखा विचारतात त्याच गंभीरपणे त्यांनी शेवटी त्यांनाच विचारलं, "मग गिअर बसेल का हिला?"

"बसेल की," ते म्हणाले.

मी रात्री ग्रुपवर विचारलं नाही. एवढ्यात नको असं वाटलं.

हिवाळ्यात बाई भाट्याच्या रस्त्यावर सायकल चालवायला लागल्या. पूल, बनाच्या कडेचा सरळ रस्ता, आणि परत. चढ त्यांना जमत नाही. चढ आला की उतरतात, सायकल हाताने धरून चालतात आणि सायकलीचाच आधार घेतात. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे अशी काठी कुठेही मिळत नाही. पुलावर वारा समोरून आला तर मधेच थांबून कठड्याला टेकतात आणि खाडीत होड्या बघतात. डॉक्टर एकदा त्यांच्या सायकलीवरून भर्रकन आले, बाईंना बघून थांबले, खाली वाकून क्रँकचं वेल्डिंग पाहिलं, "छान," म्हणाले आणि गेले. दर महिन्याला ते कुठेतरी गाठ पडली की वेल्डिंग बघतात.

मे महिन्यात बाईंनी सायकल केळशीला न्यायची ठरवली. त्यांच्या शेजाऱ्यांचा पिकअप दापोलीला कलमं आणायला रिकामा जाणार होता, तो पुढे केळशीपर्यंत सोडणार होता. मागे सायकल बांधली, पुढे ड्रायव्हरशेजारी आम्ही दोघी. मला का नेत होत्या ते त्यांनी सांगितलं नाही. वाटेत एवढंच म्हणाल्या की गावात त्यांचे थोरले भाऊ आहेत, मुंबईत गोदीत नोकरी केली, निवृत्त होऊन परत आले, वहिनी गेल्यावर एकटेच असतात, आणि फार बोलत नाहीत. बाईंनी कोणाला कमी बोलणारं म्हणावं ह्यावरून मी अंदाज बांधला.

बौद्धवाडीत त्यांच्या घरासमोर पिकअप थांबला. भाऊ अंगणात सुकट वाळत घालत होते. आम्हाला बघून उठले. ड्रायव्हरने सायकल उतरवली.

"ही कोणाची?" त्यांनी विचारलं.

"माझी," बाई म्हणाल्या.

ते सायकलीभोवती फिरले. उजव्या बाजूने बघितली, मग डाव्या बाजूने, आणि डाव्या क्रँकपाशी खाली बसले. त्यांनी त्या आखूड दांड्यावर, जोडाच्या गाठीवर अंगठा फिरवला.

"चालते?"

"चालते."

"कोणी शिकवली?"

"ह्या बाईंनी सीट धरली."

त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले आणि आत गेले. मला वाटलं पाणी आणायला गेले. बराच वेळ आले नाहीत. बाई ओटीवर बसल्या आणि पायातला बूट काढता काढता हळू आवाजात म्हणाल्या, "चौथीपर्यंत दादाने मला पाठीवर बसवून शाळेत नेलं. इथली सगळी पोरं भाड्याची सायकल आणून शिकायची. हा नाही शिकला. आई म्हणाली, तू शिक की. तर म्हणाला, मग हिला कोण नेणार?" त्यांनी बुटाची नाडी सोडली. "अजून येत नाही त्याला."

भाऊ बाहेर आले. हातात खोबरेल तेलाची बाटली आणि फडका होता. "चेन सुकी आहे गो," ते म्हणाले. खोबरेल तेल चेनला घालायचं नसतं, त्याने धूळ धरते, हे मला माहीत होतं. बाईंनाही आता माहीत होतं. त्यांनी सायकल स्टँडवर लावून दिली. भाऊंनी चेनच्या प्रत्येक कडीवर थेंब थेंब तेल सोडलं, पायडल हाताने फिरवलं, मग सगळी फ्रेम पुसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई म्हणाल्या, पाव घेऊन येते. आणि गेल्या. मी आणि भाऊ ओटीवर बसलो. पावाचं दुकान जवळ होतं. त्या लवकर यायला हव्या होत्या. आल्या नाहीत. भाऊंनी सुपारी कातरली. मी मोबाइल बघत बसले. भाऊ एकदा उठून अंगणाच्या कडेपर्यंत गेले, रस्त्याकडे बघितलं, आणि तिथली उपटायची काही गरज नसलेली एक गवताची काडी उपटून परत आले.

"ब्रेक आहेत ना तिला?" त्यांनी विचारलं.

"आहेत. दोन्ही."

"लावता येतात ना तिला?"

"येतात," मी म्हटलं. भाट्याच्या पाण्याबद्दल काही बोलले नाही.

ऊन चढायला लागलं. भाऊंनी चप्पल पायात घातली, म्हणाले मी बघून येतो, आणि तेवढ्यात वळणावर बाई दिसल्या. सायकलीवरून येत होत्या, डावीकडे झुकत, सरळ होत. अंगणात आल्या, ब्रेक लावला, उतरल्या. साडीला वाळू, दोन्ही हात कोपरापर्यंत काळे. पाव नव्हता.

"कुठे होतीस गो?" भाऊंनी विचारलं.

"किनाऱ्यावर गेले होते. वाळूच्या टेकडीपर्यंत. तिथे चेन पडली."

"मग?"

"चढवली."

भाऊंनी बाईंचे हात बघितले. मागच्या दारी नेऊन त्यांनी चिमूटभर साबणाचा चुरा त्यांच्या तळव्यावर घातला, घासायला नारळाच्या सालीचं सोडण दिलं आणि तांब्याने पाणी ओतत राहिले. काळं पाणी केळीच्या बुंध्याशी जात होतं. नखांतलं निघेना.

"राहू दे," ते म्हणाले. "चुलीवर भाकरी आहे. मी बघतो पावाचं."

"तू कसा जाणार? ऊन आहे."

"चालत," भाऊ म्हणाले, आणि पिशवी घेऊन निघाले.